सीमेपलीकडून आणलेली गाडी

आमच्या शेजारणीनं परवा सहज विचारलं, "गाडी अमेरिकेतनं आणली म्हणे तुम्ही? स्वस्त पडली असेल नाही?" मी हसून "हो" म्हटलं आणि आत वळले. खरं सांगायचं तर स्वस्त पडली, पण त्या स्वस्ताईपायी नऊ दिवस माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि ते गाडीच्या इंजिनामुळं नव्हे, की टायरांमुळं नव्हे. एका कागदावरच्या एका ओळीमुळं!

मैत्रिणींनो, आज तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या मुली, सुना, भाच्या कॅनडात आहेत. त्यांच्यापैकी कुणी ना कुणी केव्हा तरी म्हणणारच, "आई, पलीकडं अमेरिकेत गाड्या स्वस्त मिळतात, घेऊ का?" त्या वेळी हा लेख कापून ठेवलेला असावा, म्हणून लिहायला बसले.

आम्ही राहतो हॅमिल्टनला, ओंटारिओ प्रांतात. नायगाऱ्याची नदी ओलांडली की अमेरिका. मी मूळची सांगलीकडची. इथं आल्यावर पहिली दोन वर्षं घरीच डबे केले. विद्यार्थ्यांना पोळी-भाजी, सणावाराला पुरणपोळ्या. पोळ्या लाटून लाटून मनगट दुखायचं, पण त्यातूनच माझ्या नावावर चार पैसे साठले. मग वृद्धांची काळजी घेण्याचा अभ्यासक्रम पुरा केला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात एका वृद्धाश्रमात नोकरी मिळाली. पाळी सकाळी साडेसहाची, जागा गावाबाहेर, आणि पहिली बस पोचणार सातनंतर. म्हणजे गाडी नाही, तर नोकरी नाही. इतका सरळ हिशेब होता.

त्याच सुमारास पिट्सबर्गची माझी मावसबहीण, आमची ताई, पुण्याला कायमची परत निघाली होती. तिची सात वर्षं जुनी होंडा, फार निगुतीनं वापरलेली. ताईला खरं म्हणजे ती पुण्याला न्यायची होती. पण आपल्याकडं परदेशातली वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते, चाक उजव्या बाजूला लागतं, ती मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते आणि वर भरायचा कर गाडीच्या किमतीहून जास्त! ताईची गाडी सात वर्षांची आणि डाव्या चाकाची. तेव्हा तो विषय संपला. ती म्हणाली, "परक्याला विकण्यापेक्षा तूच ने. बारा हजार डॉलर दे. हप्त्यानं दिलेस तरी चालतील."

मी हप्ते नको म्हटलं. माझे साठवलेले आणि थोडे ह्यांचे मिळून पैसे उभे केले. ठरलं!

गाडी जन्मली इथंच, तरी पाहुणीच

गंमत पाहा. प्रत्येक गाडीला सतरा अक्षर-अंकांचा एक नंबर असतो. काचेखाली डॅशबोर्डवर आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर तो दिसतो. त्याचं पहिलं अक्षर सांगतं, गाडी कुठं बनली. १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका, २ असेल तर कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको, आणि 'जे' म्हणजे जपान. ताईच्या गाडीचा नंबर २ नं सुरू होत होता. म्हणजे ती आमच्याच ओंटारिओतल्या अ‍ॅलिस्टनच्या कारखान्यात तयार झालेली! मी ह्यांना म्हटलं, "अहो, ही तर माहेरवाशीण. हिला कसले कागद लागणार?"

तिथंच माझी पहिली चूक. गाडी कुठं जन्मली ह्याला महत्त्व आहे ते जकातीपुरतं. उत्तर अमेरिकेत बनलेल्या गाडीला ती बहुधा माफ असते, जपान-युरोपात बनलेलीला ६.१ टक्के पडते. पण जी गाडी अमेरिकेच्या बाजारासाठी बनली, तिच्यावर अमेरिकेच्या नियमांचं लेबल असतं. तिला कॅनडात यायचं तर परक्या गाडीसारखीच सगळी तपासणी. फक्त पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांना त्यातून सूट आहे. लग्न होऊन गेलेली लेक माहेरी आली तरी रेशनकार्डावर तिचं नाव पुन्हा चढवावं लागतं ना, तसंच हे.

तीन दारं, तीन तऱ्हेचे कागद

ह्या सगळ्या कामाचा गोंधळ उडतो, कारण आपण ते एकच काम समजतो. वास्तविक ती तीन वेगळी दारं आहेत.

पहिलं दार अमेरिकेतून बाहेर पडण्याचं. बहुतेक लोक हेच विसरतात. आपण कॅनडात काय लागतं त्याची चौकशी करतो, पण अमेरिकेलाही आपली गाडी देशाबाहेर जाते आहे हे आधी कळवावं लागतं. चोरीच्या आणि कर्ज बुडवलेल्या गाड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून हा नियम. गाडीची निर्यात-नोंद संगणकावर करावी लागते. ती आपल्याला परस्पर करता येत नाही, म्हणून एजंट नेमायचा. तो नोंद करून एक नंबर आणून देतो. मग गाडीचा मालकीचा कागद, ज्याला तिकडे 'टायटल' म्हणतात, तो आणि विक्रीची पावती ज्या नाक्यावरून जायचं तिथल्या कस्टम्स कचेरीत निदान ७२ तास आधी पोचवायची. बहात्तर म्हणजे बहात्तर! सत्तर तासांनी गेलात तर परत पाठवतात. शिवाय ह्या कचेऱ्या बऱ्याच ठिकाणी शनिवार-रविवार बंद, तेव्हा वेळ आधी विचारून घ्यावी.

दुसरं दार कॅनडात शिरण्याचं. इथं 'फॉर्म १' नावाचा कागद भरून त्यावर शिक्का घ्यायचा आणि कर भरायचा. केंद्राचा पाच टक्के जीएसटी गाडीच्या किमतीवर, तोही कॅनडाच्या डॉलरांत हिशेब करून. गाडीत वातानुकूलन असेल तर त्याचे वेगळे शंभर डॉलर. पेट्रोल फार पिणाऱ्या गाड्यांना आणखी एक कर असतो.

तिसरं दार घरी आल्यावरचं. आयात गाड्यांची नोंद ठेवणारी एक संस्था आहे, तिची फी तीनशे डॉलरांच्या वर असते. मग ४५ दिवसांच्या आत ठरलेल्या ठिकाणी गाडी तपासून घ्यायची. दिवसा जळणारे पुढचे दिवे आहेत का, लहान मुलांची खुर्ची बांधायचे हूक आहेत का, वेग किलोमीटरमध्ये दिसतो का, असल्या गोष्टी पाहतात. त्यानंतर प्रांताची सुरक्षा तपासणी, प्रांताचा कर आणि शेवटी नंबरप्लेट.

ह्या तिन्ही दारांच्याही आधीची एक पायरी आहे. आपण घेणार ती गाडी कॅनडात येऊ शकते का, हे सरकारच्या यादीत पाहून घ्यायचं. सगळ्या गाड्या येऊ शकत नाहीत. पैसे देऊन बसल्यावर हे कळलं, तर गाडी परत न्या नाहीतर मोडीत काढा, एवढेच मार्ग उरतात.

ती एक ओळ

आता माझी हकिगत. आम्ही दोघं बुधवारी बसनं पिट्सबर्गला पोचलो. ताईचं घर रिकामं झालेलं. सामान कंटेनरनं पुण्याकडं निघालं होतं. गुरुवारी नोटरीसमोर ताईनं टायटलवर सही केली. पेनसिल्व्हेनियात ही सही नोटरीपुढंच करावी लागते. मी पैसे बँकेतून तिच्या खात्यात टाकले. शुक्रवारी सकाळी एजंटानं कागद सीमेवर पाठवले. सोमवारी निघू, असं ठरवून ह्यांनी रविवारच्या बसनं परतीची वाट धरली. त्यांची रजा संपली होती. मी मागं राहिले. एकटीनं गाडी आणायची होती, पण हात बसलेला होता, त्याची भीती नव्हती.

सोमवारी दुपारी एजंटाचा फोन. "टायटलवर बँकेचं नाव आहे. बँकेची परवानगी किंवा कर्ज फिटल्याचं पत्र हवं. त्याशिवाय गाडी बाहेर जाणार नाही."

आम्ही दोघी एकमेकींकडं पाहतच राहिलो. ताईनं कर्ज चार वर्षांपूर्वीच फेडलं होतं. पण टायटलवरचा बोजा उतरवून घ्यायचं राहून गेलं होतं. मला एकदम आमचे नाना आठवले. सोसायटीचं कर्ज पै न् पै फेडलं, पण सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला तलाठ्याकडं त्यांच्या वर्षभर खेपा चालल्या होत्या. देश कुठलाही असो, कर्ज फिटणं वेगळं आणि कागदावरून उतरणं वेगळं!

बँकेला फोन केला. "पत्र टपालानं येईल, दहा दिवस लागतील." ताईचं विमान गुरुवारी रात्री. आणि बँक बोलणार फक्त कर्जदाराशी, म्हणजे ताईशी. एकदा ती विमानात बसली की माझ्याशी कोण बोलणार? मला पुढच्या बुधवारी कामावर रुजू व्हायचं होतं. पैसे देऊन झालेले, गाडी दारात उभी आणि मी तिला हातही लावू शकत नाही. त्या रात्री रिकाम्या घरात गालिच्यावर अंथरूण टाकून पडलो, पण दोघींच्याही डोळ्याला डोळा लागला नाही. ताई सारखी म्हणत होती, "माझंच चुकलं गं." मी वरवर म्हणत होते, "होईल काहीतरी." मनात मात्र पोळ्यांचे ढीग दिसत होते.

मंगळवारी सकाळी दोघी बँकेच्या शाखेत जाऊन बसलो. काउंटरवरच्या बाईंनी कर्जाचा नंबर विचारला. तो कागद कुठं? फाइलीत. आणि फाइल कुठं? कंटेनरमध्ये, समुद्रावर! ताईनं सगळे कागद नीट लावून, वर चिठ्ठी चिकटवून, सामानात भरून दिले होते. नीटनेटकेपणाचा असा फटका मी पहिल्यांदाच पाहिला.

शेवटी ताईनं तिथंच बसून मोबाइलवर चार वर्षांपूर्वीच्या ई-मेल चाळायला घेतल्या. तासाभरानं एक सापडली. कर्ज बंद झाल्याचे दोन ओळींचे आभार, आणि खाली नंबर. त्या बाईंचेही उपकार मानायला हवेत. त्यांनी मुख्य कचेरीला फोन लावला, बराच वेळ धरून बसल्या आणि म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत पत्र मिळेल." आणि खरंच बुधवारी संध्याकाळी बँकेच्या छापील कागदावर, सहीनिशी, गाडीच्या सतरा आकड्यांसह पत्र हातात आलं. गुरुवारी सकाळी एजंटानं सगळे कागद नव्यानं पाठवले. बहात्तर तासांचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून!

गुरुवारी रात्री ताईला निरोप दिला. जाताना ती म्हणाली, "घराची किल्ली सोमवारी खालच्या कचेरीत टाक. आणि पोचलीस की कळव." त्या घरात मी तीन रात्री एकटीनं काढल्या.

पावतीवरचा खरा आकडा

इथं एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. पावती लिहिताना ताई म्हणाली होती, "बारा हजारांऐवजी सहा लिहू का? तुझा कर वाचेल. आपण बहिणी, कोण विचारतंय?" मलाही क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू? बारा हजार अमेरिकन डॉलर म्हणजे त्या वेळी कॅनडाचे सोळा हजारांच्या वर. त्याच्या पाच टक्क्यांत आठशेच्या वर जाणार होते. पण ह्यांनी फोनवर साफ सांगितलं, "जे दिलंस तेच लिही."

सोमवारी मी पुलापाशी पोचले. पेनसिल्व्हेनियाची तात्पुरती नंबरप्लेट लावलेली, विमा आमच्या कंपनीकडून त्या दिवसापासून सुरू केलेला. अमेरिकेच्या बाजूला थांबून टायटलवर निर्यातीचा शिक्का घेतला. घाईत पूल ओलांडून गेलं की हा शिक्का राहतो, आणि मग परत फिरावं लागतं. कॅनडाच्या बाजूला अधिकारी बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "बहिणीकडून घेतली म्हणता. मग किंमत कमी लावून घेतलीत का?" मी पावती दिली आणि सोबत बँकेतून पैसे गेल्याचा कागद ठेवला. दोन्हीकडं एकच आकडा. त्यांनी मान डोलावली आणि पुढं गेल्या. बाजारभाव त्यांच्याकडं असतोच. किंमत खोटी सांगितल्याचं आढळलं तर दंड होतो, गाडी जप्तही होऊ शकते. चारशे वाचवायला जाऊन मी सगळंच घालवून बसले असते.

तासा-दीड तासात फॉर्म १ वर शिक्का पडला. अंधार पडायला गाडी आमच्या दारात उभी होती. बुधवारी सकाळी सव्वासहाला वृद्धाश्रमाच्या फाटकाशी पोचले ते शेजारणीच्या गाडीतून, कारण नंबरप्लेट अजून यायची होती. पण तपासणी दहा-बारा दिवसांत उरकली आणि पहिलं बर्फ पडायच्या आत मी माझी गाडी माझ्या नावानं चालवायला लागले.

फाइलीत काय काय हवं

- मालकीचा मूळ कागद, म्हणजे टायटल. झेरॉक्स चालत नाही. त्यावर बँकेचं नाव आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा. असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आधी मागा. गाडी अपघातात मोडीत काढलेली किंवा पुरात बुडालेली असल्याचा शेरा नाही ना, तेही ह्याच कागदावर कळतं.
- विक्रीची पावती. दोघांची नावं, पत्ते, तारीख, खरी किंमत आणि गाडीचा नंबर. सोबत पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा.
- गाडीचा सतरा अक्षरांचा नंबर प्रत्येक कागदावर बोट ठेवून ताडून पाहा. ह्या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तिथं 'ओ' दिसला तर समजा, कुणीतरी शून्याच्या जागी चुकून टाइप केला आहे.
- कंपनीचं रिकॉलचं पत्र. कंपनीनं एखादा भाग बदलून द्यायला गाड्या परत बोलावलेल्या असतात. ते काम बाकी नाही, असं लिहिलेलं हे पत्र ताजं, तीस दिवसांच्या आतलं लागतं. म्हणून फार आधी काढून ठेवू नका.
- निर्यात-नोंदीचा नंबर, विम्याचा कागद, तात्पुरती नंबरप्लेट, आणि स्वतःचा पासपोर्ट किंवा राहण्याचा परवाना.
- सगळ्याच्या तीन-तीन प्रती. एक गाडीत, एक पर्समध्ये, एक घरी.

पैशाचा हिशेब करताना गाडीच्या किमतीत हे सगळे कर, एजंट, नोंदणीची फी, तपासणी, विमा आणि जाण्या-येण्याचा खर्च मिळवा आणि मगच आपल्या गावातल्या भावाशी तुलना करा. आमचे सगळं धरून दीड-दोन हजार वाचले असतील. दूरच्या राज्यातून, अनोळखी माणसाकडून घेतली असती तर कदाचित काहीच वाचलं नसतं. आणि एक ध्यानात ठेवा. २०२५ च्या एप्रिलपासून कॅनडानं अमेरिकेतून येणाऱ्या काही गाड्यांवर जादा आयातकर लावला. हे कर बदलत राहतात, तेव्हा माझ्या आकड्यांवर विसंबू नका. गाडीचा नंबर देऊन कस्टम्सकडं आधी विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

दोन गोष्टी बायकांसाठी म्हणून सांगते. गाडी तुमच्या पैशांची आणि तुमच्या कामासाठी असेल, तर पावती, फॉर्म १ आणि नोंदणी, तिन्हीवर तुमचंच नाव येऊ द्या. पुढं एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं नाव झालं की निस्तरायला जड जातं. सह्या आपण करायच्या तर वाचूनही आपणच काढायचं. "हे बघतील" म्हणून सोडायचं नाही. मी सोडलं असतं तर त्या मंगळवारी बँकेत काय बोलावं हे मला सुचलंच नसतं.

आणि दुसरी गोष्ट, घर हलवणाऱ्या प्रत्येकीसाठी. भांडी, कपडे, देव्हारासुद्धा कंटेनरमध्ये जाऊ दे. पण घराचे, गाडीचे, कर्जाचे, शिक्षणाचे कागद आपल्या हातातल्या पिशवीत ठेवा. ताईचा कंटेनर अडीच महिन्यांनी पुण्याला पोचला. त्यात वरच ती फाइल होती. तिनं फोटो काढून मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "हे बघ, नीट ठेवलं होतं की नाही?"

मी तिला उत्तर म्हणून माझ्या गाडीचा फोटो पाठवला. सकाळचे सहा, काचेवर बर्फ, आणि मागं नवी ओंटारिओची नंबरप्लेट.